डुकरिणीची पिल्लं पहिल्या तीन दिवसांत दगावतात: कारण कसं शोधायचं, कुठे थांबायचं

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जरी ओळखीची वाटली तरी पुढचा क्रम तुमच्या उपयोगाचा आहे.

– डुकरीण नीट व्याली, पिल्लं मोजून झाली, आणि सकाळी दोन-तीन आईच्या अंगाखाली चपटलेली निघाली.
– पिल्लं एकावर एक चढून ढिगानं झोपतात, नाहीतर आईच्या पोटालाच चिकटून पडलेली असतात.
– एखादं पिल्लू बाकीच्यांपासून बाजूला, पाठीला बाक काढून, केस उभारून थरथरत उभं. तोंडात बोट घातलं तर आतून गार लागतं.
– सडांवरून सारखी भांडणं, किंचाळणं, गालांवर ओरखडे, आणि तरीही पोटं खपाटीला.
– डुकरीण पालथी, पोट जमिनीला दाबून पडते, सड देत नाही, खाणं टाकते.
– दर वेताला काही पिल्लं मेलेलीच जन्मतात.

पहिलं लक्षण बघून बहुतेक जण "आईनंच दाबून मारलं" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. पुन्हा पुन्हा हीच तक्रार सोडवल्यावर माझं मत पक्कं झालंय: दबणं हा शेवटचा टप्पा असतो. पिल्लू आधी गारठतं. गारठलेलं पिल्लू सडापर्यंत पोचत नाही, पोचलं तरी ओढत नाही. चीक न मिळाल्यानं ते मलूल होतं, ऊब मिळावी म्हणून आईला चिकटून पडतं, आणि आई बसायला लागली की त्याला पटकन सरकता येत नाही. म्हणूनच पिल्लांना निसटता यावं म्हणून भिंतीलगत लोखंडी गज बसवूनही मरतूक थांबत नाही अशी तक्रार येते. गज चौथ्या कडीवरचा उपाय आहे, बिघाड पहिल्या कडीत असतो.

वासरू अंगावर केस घेऊन येतं आणि गाय त्याला चाटून कोरडं करते. डुकराचं पिल्लू जन्मतं ते ओलं, जवळजवळ उघडं, एक ते दीड किलो वजनाचं, अंगात चरबी नावालाच. शिवाय डुकरीण पिल्लांना चाटत नाही. आईच्या पोटातल्या ३९ अंशांतून ते एकदम बाहेरच्या हवेत येतं आणि पहिल्या अर्ध्या तासातच त्याचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर हेच त्याचं इंधन, आणि ते दिवसभरही पुरत नाही.

चांगल्या देखभालीतसुद्धा दहातलं एखादं पिल्लू जातं, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. त्याहून जास्त जात असतील, आणि तेही वेतामागून वेत, तर कारण आहे आणि ते सापडतं. अर्ध्याहून जास्त मृत्यू पहिल्या तीन दिवसांतच होतात, म्हणून सगळी मेहनत तिथेच घालायची.

१. मेलेलं पिल्लू टाकण्याआधी बघा

याला पैसे लागत नाहीत, फक्त हातमोजे लागतात, आणि पुढचं निम्मं काम यानं वाचतं. आधी खूर बघा. न जन्मलेल्या पिल्लाच्या खुरांच्या टोकांवर मऊ, पिवळट-पांढरं आवरण असतं, म्हणजे आत असताना आईला इजा होत नाही. पिल्लू थोडं जरी चाललं की ते झिजतं. आवरण जसंच्या तसं असेल तर पिल्लू उभंच राहिलेलं नाही: ते विण्याच्या वेळी किंवा लगेच नंतर गेलंय. अशी पिल्लं जास्त असतील तर थेट सातव्या मुद्द्यावर जा. अंगावर पिवळा-हिरवट चिकट मळ माखलेला असेल तर विणं लांबून आत त्याचा जीव गुदमरला होता असं समजायचं.

खूर झिजलेत पण पोट आत गेलंय, जठर रिकामं आहे: हे पिल्लू उपाशी आणि गारठलेलं होतं, मग ते आईच्या अंगाखाली सापडलं असलं तरी. जठरात दह्यासारखं साकळलेलं दूध आहे आणि अंगावर दबल्याच्या खुणा आहेत, तर मात्र ते खरंच धडधाकट असून दबलं, म्हणजे दोष जागेत आहे. एकाच वेतातली तीन पिल्लं तीन वेगळ्या कारणांनी गेलेली असू शकतात, म्हणून प्रत्येक बघा.

तपकिरी, सुकलेली, वेगवेगळ्या आकारांची पिल्लं पडली असतील, गर्भपात झाले असतील, किंवा मोठी जनावरंही आजारी असतील तर काही चिरू नका. गाभणपणात संसर्ग झाल्याची ती खूण आहे आणि त्यातले काही रोग, जसे लेप्टोस्पायरोसिस आणि ब्रुसेलोसिस, माणसालाही होतात. अशा वेळी इथेच थांबून पशुवैद्यकाला बोलवायचं. गरोदर बाईनं तर वार आणि मेलेल्या पिल्लांना हातच लावू नये.

२. पिल्लं कशी झोपतात ते बघा

आत न शिरता, आवाज न करता दहा मिनिटं बाहेर उभे राहा. पिल्लं शेजारी शेजारी, कुशीवर, पाय लांब सोडून झोपली असतील तर ऊब बरोबर आहे. पोटाखाली पाय दुमडून ढीग केलाय, तर त्यांना थंडी वाजतेय. उबेसाठी लावलेल्या दिव्यापासून लांब, कडेकडेनं पसरलीत, तर दिवा फार खाली आहे. भिंतीवरचा तापमापक खोलीचं सांगतो, पिल्लांचं नाही. मी त्याच्याआधी त्यांच्या झोपण्याकडे बघतो.

३. ओल आणि झोत

गुडघ्यांवर बसा, हाताची पालथी बाजू पाण्यात बुडवून पिल्लांच्या उंचीवर धरा. तुमच्या डोक्याशी हवा स्थिर असली तरी जमिनीलगत दाराखालच्या फटीतून, गटाराच्या तोंडातून वारा येत असतो आणि ओल्या हाताला तो लगेच कळतो. फट गोणपाटानं किंवा फळीनं बंद करा, पण वरची हवा खेळती ठेवा, नाहीतर लघवीचा उग्र वास कोंडतो.

मग जमीन. ओल्या सिमेंटवर पडलेलं पिल्लू वरून कितीही ऊब दिली तरी खालून गारठतच राहतं. कोरडा पेंढा, भुसा किंवा कोरड्या गोण्या, जे मिळेल ते पसरा आणि ओलं झालं की बदला. डुकरिणीलाही पेंढा हवाच असतो. विण्याआधीच्या दिवसभरात ती तोंडात पेंढा धरून नेते, पायानं जमीन उकरते, घरटं करते. बांधून घालायला काही मिळालं नाही तर ती बेचैन होऊन सारखी उठबस करते, आणि उठबस वाढली की पिल्लं पायाखाली येतात.

४. ऊब: खोलीला नाही, कोपऱ्याला

डुकरिणीला १८ ते २२ अंश सेल्सिअस बरे वाटतात, नवजात पिल्लाला ३४ च्या आसपास लागतात. दोघांना एकाच हवेत सुखी ठेवता येत नाही. सगळी खोली तापवली तर डुकरीण धापा टाकते, कमी खाते आणि दूध घटतं. म्हणून आईला शिरता येणार नाही असा एक कोपरा पिल्लांसाठी आडव्या फळीनं वेगळा करा, वरून झाका आणि तिथे दिवा लावा. फळीखाली पिल्लं जातील एवढीच जागा ठेवा.

दिवा साखळीला टांगा, विजेच्या तारेला कधीच नाही. पेंढ्यावर पडलेला एक दिवा सगळा गोठा जाळू शकतो. उंची साधारण दीड ते दोन फूट धरून सुरुवात करा, पण खरा निकाल जमिनीवर ठेवलेला तापमापक आणि पिल्लांची झोप देते. आठवडाभरात २८-३० अंशांपर्यंत उतरवत आणलं तरी चालतं. वीज जाते तिथे झाकणाची पेटी आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या तयार ठेवा.

पहिले काही तास पिल्लांना कोपरा माहीत नसतो. ती जिथे जन्मतात तिथेच, म्हणजे आईच्या मागच्या बाजूला, ऊब हवी. तिथे दुसरा दिवा लावता आला तर उत्तम. नाहीतर जवळ बसा, प्रत्येक पिल्लू आलं की नाकातोंडावरचा पडदा आणि चिकटा पुसा, कोरड्या फडक्यानं अंग चोळा आणि सडाशी ठेवा. नाळ ओढायची नाही. ती सुकत आली की टोकाला आयोडीन लावा, म्हणजे नाळेतून संसर्ग जाऊन पुढे सांधे सुजणार नाहीत.

पिल्लू आधीच गार पडलं असेल तर मानेपर्यंत कोमट पाण्यात, साधारण ३८ ते ४० अंशांत, धरा, अंग गरम झालं की पूर्ण कोरडं करून पेटीत ठेवा. गार पिल्लाला दूध पाजू नका, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. त्याला नीट गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं आणि वाचलं असतं ते पिल्लू जातं. आधी ऊब, मग चीक.

५. चीक कोणाला मिळाला, कोणाला नाही

माणसाच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्यं आईच्या पोटातच वारेतून मिळतात. डुकराच्या पिल्लाला ती मुळीच मिळत नाहीत, सगळी भिस्त चिकावर. आतडी ही द्रव्यं जशीच्या तशी शोषून घेतात ती पहिले चोवीस तास, आणि क्षमता तासागणिक कमी होते. पहिल्या सहा तासांतला चीक सर्वांत मोलाचा. दिवसभरात प्रत्येक पिल्लाच्या पोटात २०० ते २५० मिली चीक जायला हवा.

आता सडाशी काय होतं ते जवळून बघा. विताना आणि नंतरचे काही तास चीक जवळजवळ सतत येत असतो, सड दाबला तरी थेंब येतो. त्यानंतर मात्र पान्हा साधारण ४० ते ६० मिनिटांनी एकदाच, तोही पंधरा-वीस सेकंद. डुकरीण कुशीवर होते, संथ हुंकार देते. पिल्लं आपापला सड धरून नाकानं कास चोळतात. हुंकार हळूहळू जलद होत जातात, आणि एकदम सगळी पिल्लं चूप होतात, कान मागे, जबडे भराभर चालतात. तेच दूध. जे पिल्लू त्या क्षणी अजून सड शोधतंय ते पुढचा तासभर उपाशी. असं तीन-चारदा झालं की त्याच्यात भांडायची ताकद उरत नाही. म्हणून एक अख्खी पाजणी उभं राहून बघा आणि कोण चुकतंय त्याच्या पाठीवर खूण करा.

सड मोजा. चालू सड बारा आणि पिल्लं चौदा असतील तर दोन पिल्लं कमी पडणारच, मग आई कितीही चांगली असो. पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवतं आणि तो सोडत नाही. न वापरलेला सड आटून जातो.

सोपा उपाय असा: सगळ्यांत आधी जन्मलेली, पोट भरलेली दणकट पिल्लं तास-दीड तास उबदार पेटीत काढून ठेवा. लहानांना कास मोकळी मिळते. पहिल्या बारा तासांत हे दोन-तीनदा केलं की फरक दिसतो. एक किलोच्या आतल्या पिल्लांना याशिवाय हातानंही पाजा: विण्याच्या वेळी स्वच्छ भांड्यात चीक काढा आणि सुई नसलेल्या सिरिंजनं ओठाच्या कडेनं थेंब थेंब द्या, एका वेळी १५ ते २० मिली. आईचा चीक मिळतच नसेल तर त्याच वेळी व्यालेल्या दुसऱ्या डुकरिणीचा, तोही नसेल तर गाईचा. साध्या दुधानं पोट भरेल, पण चिकाचं काम होणार नाही.

दुसऱ्या डुकरिणीखाली पिल्लं लावायची असतील तर स्वतःच्या आईचा चीक किमान सहा तास मिळू द्या आणि चोवीस तासांच्या आत हलवा. लोक सर्वांत मरतुकडं पिल्लू उचलून परक्या आईकडे देतात. उलट करा: मोठं, भांडून सड मिळवणारं पिल्लू हलवा, बारक्याला आपल्या आईजवळ राहू द्या.

६. जागा आणि डुकरीण

इथपर्यंत सगळं ठीक असूनही भरल्या पोटाची पिल्लं दबत असतील तर आता गज. भिंतीपासून २० ते २५ सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून तितक्याच उंचीवर मजबूत नळी किंवा वासा बसवा. डुकरीण भिंतीला घासत खाली बसते, आणि गज असला की पिल्लाला निसटायला मागे जागा उरते. जमीन घसरडी असेल तर ती एकदम धप्पकन बसते, म्हणून घसरण कमी करा. पाय दुखावलेली किंवा फार लठ्ठ डुकरीणही तशीच कोसळते.

पाणी तपासायला एक मिनिट लागतं. पाजणारी डुकरीण दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पिते. नळीच्या तोटीखाली एक लिटरचं भांडं धरा: अर्ध्या मिनिटात भरलं पाहिजे. त्याहून बारीक धार असेल तर ती कंटाळून पिणं सोडते, शेण खडा होतं आणि दूध घटतं. विण्याआधीच्या आठवड्यात चाऱ्यात कोंडा वाढवला तर बद्धकोष्ठ टळतो.

पालथी पडणारी डुकरीण हट्टी नसते, तिला दुखत असतं. कासेला हात लावून बघा: एखादा भाग गरम, लाल, दगडासारखा कठीण आहे का? गुदद्वारातलं तापमान बघा. ३८.५ ते ३९.५ अंश ठीक. ४० च्या वर आहे, खात नाही, योनीतून घाण वासाचा स्राव येतोय, यातलं काहीही असेल तर कासदाह किंवा गर्भाशयाचा संसर्ग धरून चाला आणि त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. उद्यावर टाकलं तर डुकरीण वाचेलही, पण पिल्लं तोवर उपाशी मरतात. एक मात्र लक्षात ठेवा: दुसऱ्या दिवसानंतर मधल्या वेळी सड पिळून दूध आलं नाही म्हणजे ती आटली असं नाही. पान्ह्याच्या वेळीच बघायचं.

पिल्लांच्या अणकुचीदार दातांमुळे सडाला जखमा होऊनही ती उठून जाते. तसं दिसलं तरच दातांची टोकं घासा, सरसकट नको. पहिलारू डुकरीण कधी घाबरून पिल्लांना चावते. तेव्हा पिल्लं उचलून उबेच्या पेटीत ठेवा, माणसांची ये-जा आणि आवाज थांबवा, आणि पूर्ण व्याल्यावर ती शांत झाली की एक पिल्लू सडाशी लावून बघा. बहुतेक वेळा ती स्वीकारते. तरीही चावत असेल तर गुंगीच्या औषधासाठी डॉक्टर लागतो.

७. मेलेलीच जन्मत असतील तर

गाभणकाळ सरासरी ११४ दिवस, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. माजाची आणि संयोगाची तारीख लिहून ठेवलेली नसेल तर आजपासून लिहा, कारण तारखेशिवाय रात्री जागायचं कधी ते कळत नाही. सडातून दुधाचे थेंब सहज यायला लागले की चोवीस तासांत, धार लागली की बहुधा काही तासांतच ती विते.

पहिल्यापासून शेवटच्या पिल्लापर्यंत दोन ते पाच तास, दोन पिल्लांमध्ये सरासरी पंधरा-वीस मिनिटं. पिल्लू डोक्याकडून येवो की मागच्या पायांकडून, डुकरात दोन्ही नैसर्गिक आहे, त्यासाठी ओढाताण करू नका. वेळ मात्र प्रत्येक पिल्लाची लिहा. उशिरा आलेली पिल्लं जास्त गुदमरतात, आणि मेलेली सगळी शेवटची असतील तर विणं लांबतंय हे त्या कागदावरूनच कळतं.

अर्धा तास उलटला तर आधी बिनखर्चाचं करा: आलेली पिल्लं सडाशी लावा, कास हातानं चोळा, डुकरिणीला उठवून दुसऱ्या कुशीवर होऊ द्या. सड ओढले की तिच्या शरीरातच कळा आणणारं ऑक्सिटोसिन स्रवतं. त्याचं इंजेक्शन मात्र स्वतः देऊ नका. आत पिल्लू आडवं अडकलेलं असताना कळा वाढवल्या तर नाळा दाबल्या जाऊन मागची पिल्लं गुदमरतात आणि गर्भाशय फाटूही शकतं. जोरात कळा चालू आहेत आणि पाऊण तास काही येत नाही, पिल्लांआधी नुसतं रक्त किंवा घाण वासाचा स्राव येतोय, कळा थांबल्यात पण वार पडली नाही आणि पोट अजून भरलेलं आहे, ११६ दिवस उलटूनही हालचाल नाही: या चारही वेळी थांबा आणि डॉक्टर बोलवा. हात आत घालणं ज्यांनी प्रत्यक्ष शिकलंय त्यांनीच करावं.

बाकी थोडक्यात. मागचे पाय फाकून बसणाऱ्या पिल्लाचे दोन्ही पाय मऊ चिकटपट्टीनं आठच्या आकड्यात, थोडं अंतर ठेवून बांधा, सडाशी नेत राहा, बरीचशी काही दिवसांत उभी राहतात. डुकरिणीच्या दुधात लोह फार कमी असतं, आणि माती न मिळणारी पिल्लं फिकट पडून धापा टाकतात. म्हणून तिसऱ्या दिवसाच्या आसपास २०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन देतात. ते कसं द्यायचं ते पहिल्यांदा डॉक्टरकडून शिकून घ्या. पहिल्या तीन दिवसांत पातळ हगवण लागली तर वाट बघू नका, आणि तीत रक्त असेल तर तासांचा प्रश्न असतो. पुढच्या वेळी डुकरिणीला विण्याआधी लस देता येते, तेही तेव्हाच विचारून ठेवा.

गिनी पिग असेल तर वरचं बरंच लागू नाही

गिनी पिग पाळणारेही हेच सल्ले वाचून दिवे लावतात, आणि चुकीच्या ठिकाणी लक्ष देतात. इथे पिल्लं दणकट आणि आई नाजूक. गाभणकाळ ५९ ते ७२ दिवसांचा. पिल्लं एक ते सहा, बहुधा दोन ते चार, आणि ती अंगभर केस, उघडे डोळे, दात घेऊनच येतात. पहिल्या एक-दोन दिवसांतच गवत कुरतडतात. सड दोनच, पण आळीपाळीनं पुरतात. घरटं आई करत नाही, लपायला झाकलेली जागा मात्र हवी.

सोप्यापासून बघायचं तर आधी नर बाहेर काढा, पिल्लं होण्याआधीच. मादी व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते, आणि लागोपाठचं गाभणपण तिला खचवतं. मग क जीवनसत्त्व: माणसासारखंच तिच्या शरीरात ते तयार होत नाही, आणि गाभण असताना गरज वाढते. ताजी सिमला मिरची, कोथिंबीर रोज द्या, गवत कधी संपू देऊ नका. शेवटच्या आठवड्यांत तिला उगीच उचलू नका.

पिल्लू पडद्यातच मेलेलं सापडलं तर बहुधा दोन पिल्लं पाठोपाठ आली आणि आईला दुसऱ्याचा पडदा फाडायला वेळ मिळाला नाही. जवळ असाल तर स्वच्छ फडक्यानं नाकावरचा पडदा काढा आणि पिल्लू परत तिच्यासमोर ठेवा. पुढचे काही दिवस ती पिल्लांचा मागचा भाग चाटते, त्यानंच त्यांना लघवी होते. आई नसेल तर ओलसर कापसानं ते काम तुम्हाला करावं लागतं. नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की वेगळी करा, नाहीतर ती आईला आणि बहिणींनाच गाभण करतात.

डॉक्टरकडे पळायची वेळ इथे फार लवकर येते. मादीचं पहिलं वेत सहा-आठ महिन्यांच्या वयानंतर येत असेल तर कमरेखालच्या हाडांचा जोड नीट उघडत नाही, पिल्लू अडतं, आणि शस्त्रक्रिया लागू शकते. सगळं विणं साधारण तासाभरात उरकतं. वीस मिनिटं सतत कळा देऊनही पिल्लू येत नाही किंवा रक्तस्राव होतोय, तर लगेच निघा. शेवटच्या दिवसांत मादीनं खाणं सोडलं, सुस्त पडली, तोंडाला फळासारखा गोडसर वास आला तर तो गाभणपणातला चयापचयाचा बिघाड असतो, त्यात एक रात्रही थांबायचं नसतं. आणि घरात उरलेलं पेनिसिलिन गटातलं प्रतिजैविक तोंडानं कधीच देऊ नका, गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरून ती दगावते.

डॉक्टरला फोन करताना

हे हाताशी ठेवा: संयोगाची तारीख, कितवं वेत, पहिलं पिल्लू किती वाजता आलं आणि शेवटचं कधी, जिवंत किती, मेलेली किती, खुरांवरचं आवरण होतं की झिजलेलं, आईचं तापमान, तिनं शेवटचं कधी खाल्लं, आणि तुम्ही आधी काय औषध दिलंय. दिलेलं औषध लपवू नका, पुढचा डोस त्यावर ठरतो. मेलेलं ताजं पिल्लू पिशवीत बांधून थंड जागी ठेवा, गोठवू नका.

लहानमोठी जनावरं एकदम तापानं पडायला लागली, कानांवर आणि पोटावर लालसर-जांभळे डाग दिसले, तर ती डुकरांच्या साथीच्या तापाची शंका आहे. तिथे घरगुती काहीही करायचं नाही: जनावर विकू नका, हलवू नका, बाहेरच्या कोणाला आत येऊ देऊ नका आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.

अडलेल्या डुकरिणीसाठी डॉक्टर वाटेत असेल तर तिच्यासमोर ताजं पाणी ठेवा, झालेली पिल्लं कोरडी करून आळीपाळीनं सडाशी लावा, आणि मधल्या वेळात त्यांना उबेच्या पेटीत ठेवा.